मालकांना सांगितलं

आत्याने एकतीस वर्षं इस्पितळात काढली, पण ती ना डॉक्टर होती ना नर्स. इस्पितळाच्या तळघरात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणारी दोन दांडगी यंत्रं होती, ती तिच्या ताब्यात असत. वरून ट्रॉल्या यायच्या. त्यात रक्ताने माखलेले चिमटे, पुवाची फडकी, आणि काय काय. ती सगळं निवांतपणे वेगळं करायची, यंत्रात भरायची, दाबाच्या काट्याकडे बघत उभी राहायची आणि दुपारी तिथेच स्टुलावर बसून डबा खायची. नवीन पोरी पहिल्या आठवड्यात ओकत. आत्याला कधी ओकारी आली नाही.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात ती भाच्याकडे आठ दिवस राहायला गेली. भाचा म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ सहा वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून वहिनी मुलाकडेच होती. आत्या खरं तर वहिनीसाठीच आली होती. नणंद-भावजयींचं तसं विळ्याभोपळ्याचं असायला हवं, पण या दोघींचं पहिल्यापासून मेतकूट होतं. आत्याचं लग्न मोडलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, आणि वहिनीने मात्र काही न विचारता तिची खोली झाडून ठेवली होती.

आत्या पोचली ती सकाळी साडेसातच्या सुमाराला. दार भाच्याने उघडलं. घर देखणं होतं, सगळं पांढरं आणि करडं, कुठे म्हणून पसारा नाही. पण आत पाऊल टाकताच तिला वास आला. आंबूस, कुबट, ओलं फडकं आठवडाभर बादलीत विसरल्यावर येतो तसा, आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर. एवढ्यात मागच्या खोलीतून वहिनी बाहेर आली. आत्याने बॅग टाकून तिला मिठी मारली, आणि तो वास नेमका त्याच क्षणी जोरात आला, म्हणून तिचं डोकं जरासं मागे गेलं. जेमतेम दोन बोटं. वहिनीच्या ते लक्षात आलं. ती स्वतःच दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "दमला असाल वन्सं, आधी हातपाय धुवा." सवयीचं झाल्यासारखी सरकली. आत्याला ते चमत्कारिक वाटलं.

त्या दिवशी दुपारी भाच्याने तिला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून त्याने सांगितलं, की आईचं हल्ली वय दिसायला लागलंय, स्वच्छतेचं भान राहत नाही. सात-आठ महिने झाले, घरात वास येतो. आधी त्यांना गटाराचा वाटला, मग दुधाचा वाटला, दूधवाला दोनदा बदलला. शेवटी सूनबाईच्या लक्षात आलं, की सकाळी आई स्वयंपाकघरात येऊन बसली की वास सुरू होतो. मग त्यांनी तिला मागची खोली दिली. तिचे कपडे वेगळे धुतात. खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलंय. "तिला समजावून सांगितलं आम्ही," तो म्हणाला. "तिने काही वाईट वाटून घेतलं नाही."

आत्या मागच्या खोलीत गेली. खोली कसली, सामानाची जागा होती ती, एक खाट जेमतेम मावेल एवढी. खाटेवरची चादर कडक इस्त्रीची. खिडकीत चार साबण मांडलेले, त्यातला एक कडुनिंबाच्या रंगाचा, औषधी, उग्र वासाचा. वहिनी जन्मभर शाळेत शिवण शिकवत आली होती. पांढऱ्या कापडावर तिच्या बोटाचा डाग कुणी पाहिला नव्हता. आत्याने तिचा हात हातात घेतला तर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लाल, जागोजागी सोललेली.

वहिनी दिवसातून तीनदा अंघोळ करत होती. घासणीने अंग घासत होती. जेवायला ती सगळ्यांचं झाल्यावर बसायची. तिला स्वतःला वास यायचा का, असं आत्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सकाळी येतो ना. म्हणजे असणारच. आपला आपल्याला कमी येतो म्हणतात."

आणि मग तिने कौतुकाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं, की मध्ये मुलगा आणि सून आठ दिवस बाहेरगावी गेले होते, त्या आठ दिवसांत अजिबात वास आला नाही. तेव्हा तिने नुकताच तो हिरवा साबण वापरायला घेतला होता. तिला वाटलं, गुण आला. ते परत आले आणि दुसऱ्या सकाळी वासही परत आला. तेव्हापासून ती दोन साबण लावत होती.

 आत्याला स्वतःचं ते मागे गेलेलं डोकं आठवलं आणि कानशिलं तापली. पण त्या वेळी तिला एवढंच कळत होतं, की यात काहीतरी बसत नाही. काय, ते कळत नव्हतं.

ते कळलं शनिवारी सकाळी.

भाच्याकडे कॉफीचं यंत्र होतं. एस्प्रेसोचं, घरगुती, पण एका माणसाला उचलवणार नाही एवढं जड, आरशासारखं चकचकीत. बढती मिळाली तेव्हा घेतलेलं. पाहुणा आला की आधी त्याला या यंत्रासमोर उभं करायचं, असा घरचा रिवाज होता. बिया कुठल्या डोंगरावरच्या, किती बारीक दळायच्या, पाणी किती तापायला हवं, यावर भाचा न थांबता बोलू शकायचा. दुधाचा फेस काढायची त्याची एक पद्धत होती. वाफेची नळी दुधाच्या भांड्यात बुडवायची, फेस आला की भांडं तिथेच नळीखाली ठेवून कॉफी ओतायची, मग यंत्र बंद करायचं आणि कप घेऊन बाहेर फोनवर बोलत बसायचं. नळी दुधात तशीच. ती नंतर सूनबाई पुसायची, किंवा नाही पुसायची.

त्या शनिवारी त्याने आत्यासाठी म्हणून यंत्र लावलं. वहिनी तेव्हा घरात नव्हती. धुतलेले कपडे घेऊन ती गच्चीवर गेली होती, चार जिने वर. भाचा बोलत होता, सूनबाई ओट्याला टेकून फोन बघत होती. आत्याचं लक्ष सवयीने दाबाच्या काट्याकडे गेलं. असल्या यंत्राच्या बॉयलरमध्ये दाब एकच्या थोडा वर गेला, की टिक असा आवाज व्हायला हवा आणि हीटर बंद पडायला हवा. ते काम प्रेशर स्विचचं. बॉयलरमधून एक बारीक तांब्याची नळी त्या स्विचकडे जाते. वाफेने आतला पातळ पत्रा फुगतो, स्विचला ढकलतो आणि वीज तुटते. दाब उतरला की पत्रा खाली बसतो आणि वीज पुन्हा जोडली जाते. आत्याने हे एकतीस वर्षं ऐकलं होतं. आवाज नाही आला तर ती झोपेतून उठली असती.

काटा एकवर गेला. टिक झालं नाही. काटा दीडवर गेला. आत्या म्हणाली, "बंद कर." भाचा म्हणाला, हल्ली तो जरा वर जातो, काही होत नाही. काटा तांबड्या पट्टीत घुसला, आणि यंत्राच्या डोक्यावरची सुरक्षेची झडप उघडली.

किंकाळीसारखा आवाज झाला आणि ओट्यावर पांढऱ्या वाफेचा खांब उभा राहिला. आत्याने भिंतीवरचं बटण दाबून वीज तोडली. कुणी भाजलं नाही. पण वाफ घरभर पसरली, आणि तिच्याबरोबर तो वास. या वेळी तो हवेत तरंगत आलेला नव्हता, थेट तोंडावर फेकल्यासारखा होता. सडलेलं, नासलेलं, उकळलेलं. सूनबाई नाक दाबून खिडकीकडे धावली. भाच्याने तोंडावर हात घेतला आणि हातातूनच म्हणाला, "आईला सांग तिची खोली आधी बंद कर."

"वहिनी गच्चीवर आहेत," आत्या म्हणाली.

 आत्याने पेचकस मागितला.

भाच्याने सांगितलं, की आत काय झालंय ते त्याला माहीत आहे. प्रेशर स्विच गेलाय, त्याने नवा मागवलाही आहे, कालच आला. त्याने खोकं आणून दाखवलं. जुना काढायचा, नवा बसवायचा, अर्ध्या तासाचं काम, तेवढं आत्याने करून दिलं तर बरं होईल. आत्या म्हणाली, की तपासल्याशिवाय ती कुठलाच भाग बदलत नाही. तळघरातही नवीन इंजिनियर येत, त्यांनाही पहिल्या दिवसापासून भाग बदलायची घाई असे.

यंत्र थंड व्हायला तास गेला. तेवढ्या वेळात आत्याने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि हातमोजे मागितले. मग झाकणाचे स्क्रू काढले. पाठीमागच्या बाजूला, बॉयलरच्या खांद्याशी, काळ्या प्लॅस्टिकच्या टोपणाखाली तो स्विच होता. तिने तारा काढून ठेवल्या. वीज तपासायचा मीटर भाच्याकडे होता, नवाकोरा, कधी न वापरलेला. थंड असताना स्विच जोडलेला असायला हवा, तसा तो होता. टोकं थोडी काळवंडली होती, पण चिकटलेली नव्हती. मग तिने स्विच नळीपासून सोडवला, सायकलचा हातपंप मागवला, रबराच्या तुकड्याने दोन्ही जोडले आणि हळूहळू हवा भरली. पंपावरचा काटा एकच्या जरा पुढे गेला, आणि टिक झालं. हवा सोडली, पुन्हा टिक झालं. दहा वेळा केलं, दहाही वेळा त्याच जागी.

"स्विच ठणठणीत आहे," ती म्हणाली. "त्याच्यापर्यंत दाब पोचतच नाहीये. नवा बसवला असतास तरी हेच झालं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी."

उरली ती तांब्याची नळी. तिने ती दोन्हीकडून सोडवली, ओठांना न लावता पंपाने हवा मारली. हवा जाईना. पातळ तार घेऊन तिने नळीत खुपसली आणि फिरवून बाहेर ओढली. तारेबरोबर पिवळट तपकिरी, लांबीसारखा चिकट गोळा बाहेर आला आणि ओट्यावर ठेवलेल्या कागदावर पडला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. बाहेरून घट्ट, आत मऊ. सूनबाई जवळ आली होती, ती तशीच मागे वळली आणि न्हाणीघरात गेली. आतून ओकण्याचा आवाज आला.

आत्याने बॉयलरचा खालचा बूच काढला आणि पाणी काचेच्या बरणीत सोडलं. पाणी म्हणायला पाणी. राखाडी, दाट, त्यात चिंध्यांसारखे पापुद्रे तरंगत होते आणि तळाशी वाळूसारखा थर बसत होता. वरच्या बाजूला एक छोटी झडप असते. बॉयलर थंड व्हायला लागला की ती हवा आत घेते, म्हणून आत पोकळी होत नाही. ती झडप साखरेच्या पाकासारख्या थराने जागच्या जागी चिकटून बसलेली होती. आत्याला सगळं उलगडलं. यंत्र बंद होतं, वाफेचं पाणी होतं, आत पोकळी होते, हवेला वाट नाही, आणि वाफेची नळी दुधात बुडालेली. लहान पोर नळीने सरबत ओढतं तसं यंत्र रोज थोडं दूध ओढून घेत होतं. दुसऱ्या दिवशी तेच उकळायचं. सात-आठ महिने. त्यातली वाफ ताज्या दुधात सोडून फेस काढायचा, आणि तो फेस कपात घालून पाहुण्यांना द्यायचा. गेल्या महिन्यात भाच्याचे साहेब आले होते. त्यांनी दोन कप प्यायले आणि कॉफीला खास दाटपणा आहे म्हणाले होते. ही गोष्ट भाच्याने आत्याला आल्या दिवशीच सांगितली होती.

आत्याच्या मनात होतं, की हे सगळं समजावून सांगावं, दोघांनाही लाज वाटेल, वहिनीची माफी मागतील आणि विषय संपेल. अजाणतेपणी झालेली चूक होती. मूर्खपणाची, पण अजाणतेपणीची. तिने स्विचचं काळं टोपण पुसायला उचललं आणि सहज उलटं केलं.

आतल्या बाजूला पांढऱ्या पेनने लिहिलेलं होतं. कारागीर असं लिहितात, पुढच्या कारागिरासाठी किंवा आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून. वर तारीख होती, पाच आठवड्यांपूर्वीची. खाली तीन ओळी. *नळी तुंबली, तात्पुरती मोकळी केली. बॉयलरमध्ये दूध गेलंय, सडलंय, पूर्ण धुवावा लागेल. मालकांना सांगितलं.*

आत्याने ते दोनदा वाचलं. मग टोपण भाच्यासमोर धरलं आणि म्हणाली, "वाच."

त्याने वाचलं. तोपर्यंत सूनबाई तोंड पुसत बाहेर आली होती. तिने त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

भाचा म्हणाला, की तो मेकॅनिक काहीतरी बडबडत होता खरं. पण त्या माणसाला यंत्रातलं फार कळत होतं असं वाटलं नाही. यंत्र इथून न्यायचं, आठवडाभर ठेवायचं, असं म्हणत होता, आणि त्याच आठवड्यात साहेब यायचे होते. नंतर करून घेऊ म्हटलं, मग राहून गेलं.

"आणि आई?" सूनबाई म्हणाली.

 तो म्हणाला, "मला वाटलं, दोन्हीकडून येत असेल."

 आत्या सांगते, की बरणीतल्या पाण्याने तिला शिसारी आली नव्हती, नळीतल्या गोळ्यांनीही नाही. समोर उभा असलेला तो नीटनेटका माणूस, दाढी केलेला, शर्टाची कॉलर ताठ, नाकाने कांदे सोलत आठ महिने हिंडणारा, त्याच्याकडे बघून तिला शिसारी आली. तिने हाताळलेला पू निदान कुणाच्या तरी दुखण्याचा होता.  हा तिने अंगाखांद्यावर खेळवलेला मुलगा होता. याचे लंगोट तिने धुतले होते आणि त्याचंही तिला कधी काही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात, कपडे वाळत घालून बराच वेळ गच्चीवरच बसलेली वहिनी रिकामी बादली घेऊन जिन्यावरून आत आली. स्वयंपाकघरात सगळे जमलेले बघून ती दाराशीच थांबली. आत यायला तिला अलीकडे मनाई नव्हती, पण ती येत नसे.

आत्याने बरणीवर बशी झाकली होती. ती तिने उचलली, बरणी दोन्ही हातांनी धरून वहिनीपाशी नेली आणि म्हणाली, "वहिनी, जरा वास घ्या."

वहिनीने वास घेतला. तिने तोंड वाकडं केलं नाही, मान मागे घेतली नाही. डोळे मिटून तिने पुन्हा एकदा घेतला, कापडाचा पोत बोटांनी बघावा तसा.

"हाच," ती म्हणाली.

आत्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, आधी काय झालं आणि मग काय झालं. टोपणावरचं सांगायला तिची जीभ रेटेना, पण तेही सांगितलं.  शेवटी वहिनी एवढंच म्हणाली, "म्हणजे मी नव्हते." मग तिने मुलाला विचारलं, "तो मेकॅनिक आला, तेव्हा तू मला हिरवा साबण आणून दिला होतास का?"

भाचा म्हणाला, आता तारखा कशाला काढायच्या, त्याला आठवत नाही.

"तो शनिवारी आला होता," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "साबण रविवारी आणला. मीच बरोबर होते दुकानात."

वहिनीने मान हलवली. हिशोब जुळल्यासारखी. ती रडली नाही. भाचा पुढे आला, तिच्या खुर्चीपाशी वाकला आणि म्हणाला, की झालं ते झालं, आता वाईट वाटून घेऊ नकोस, आणि बाहेर कुणापाशी हे बोलू नका, साहेबांच्या कानावर गेलं तर फार ओशाळवाणं होईल. हे तो खरोखर बोलला. सूनबाईने तेव्हा त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिच्या चेहऱ्यावरून पुढे कितीतरी दिवस गेली नाही म्हणतात.

आत्याने हातमोजे काढून त्याच्यापुढे ठेवले. तिला यंत्र धुता येत होतं, तासाभराचं काम होतं तिच्या हाताला. पण ती म्हणाली, "नळी तू साफ करायचीस. बॉयलरही तूच. मी बसून सांगते."

तो आधी हसला. मग तिच्याकडे बघून हसू आवरलं. दुपारी एकपासून पाचपर्यंत तो ते करत होता. लिंबाचं आम्ल गरम पाण्यात कालवायचं, भरायचं, खळबळवायचं, ओतायचं. बाटली घासायचा ब्रश बुचाच्या भोकातून आत घालायचा आणि खरवडायचं. दर वेळी आतून नवे पापुद्रे निघायचे. तीनदा त्याला उलटीची उबळ आली, एकदा तो मोरीपर्यंत पोचलाही नाही. आत्या स्टुलावर बसून होती. पाणी स्वच्छ यायला अकरा वेळा भरावं लागलं. मग तिने झडप स्वतः सोडवून तेलपाणी केलं, नळी जोडली, तोच जुना स्विच बसवला आणि यंत्र लावलं. काटा एकच्या पुढे सरकला आणि टिक झालं. थोडा उतरला, पुन्हा टिक. घरात कसलाही वास नव्हता.

भाच्याचा जीव भांड्यात पडला. त्याने अगदी मनापासून आत्याचे आभार मानले आणि विचारलं, की आता सगळ्यांसाठी एकेक कप करू का. शेवटी त्याने एकट्यासाठी केला आणि तो कप ओट्यावर तसाच गार झाला.

रविवारी आत्या निघाली, तेव्हा वहिनीची पिशवीही भरलेली होती. भाच्याला वाटलं, दोन-चार दिवसांचा पाहुणचार. त्याने दोघींना बसपर्यंत सोडलं, पिशव्या वर ठेवल्या. सूनबाई खाली आली नाही. पण दोघी निघताना तिने वहिनीच्या मागच्या खोलीत जाऊन साबण गोळा केले आणि कचऱ्यात टाकले, हे आत्याने पाहिलं.

बसमध्ये शेजारी बसल्यावर आत्याने वहिनीला सांगितलं, की पहिल्या दिवशी दारात तिचंही डोकं मागे गेलं होतं. वहिनी म्हणाली, "बघितलं होतं मी." आत्या म्हणाली, की तिला त्याची लाज वाटते. वहिनी खिडकीतून बाहेर बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही, आणि आत्यानेही पुन्हा तो विषय काढला नाही.

आत्याच्या घरी वहिनी पहिला दीड महिना दिवसातून तीनदाच अंघोळ करत राहिली. आत्या बंबात पाणी भरून ठेवायची. बाजारात कुणी जवळ उभं राहिलं की वहिनी एक पाऊल मागे घ्यायची. कपाटातून काढलेला कपडा घालायच्या आधी नाकाशी न्यायची. हळूहळू तीनच्या दोन अंघोळी झाल्या, मग एक. हातावर नवी कातडी आली. खालच्या मजल्यावरच्या दोन बायकांना तिने शिवण शिकवायला घेतलं. कापायच्या मेजावर तिघींची डोकी एकमेकींना लागायची, आणि पहिल्यांदा तसं झालं त्या दिवशी वहिनी जेवताना विनाकारण हसत होती.

चार महिन्यांनी भाचा आईला न्यायला आला. एकटाच आला. सूनबाई तिच्या आईकडे होती, कामासाठी म्हणाला. यंत्र विकून टाकलं होतं. घराला नवा रंग दिला होता, मागच्या खोलीतलं सामान काढून मोठी खिडकी केली होती. तो बराच वेळ या सगळ्याबद्दल बोलत होता आणि वहिनी सुईत दोरा ओवत ऐकत होती.

"आता घरात कसलाच वास येत नाही, आई," तो म्हणाला.

"कसा येईल," वहिनी म्हणाली. "मी नाहीये ना तिथे."

आवाजात कडूपणा नव्हता. गमतीनेच म्हणाली ती, आणि स्वतः जराशी हसलीही. भाच्यालाही हसायचं होतं, पण त्याला जमलं नाही. त्याने मान खाली घातली. तो रडतोय की काय असं आत्याला वाटलं, आणि तरीही तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला नाही. हात उचललाच जाईना.

वहिनीने त्याला जेवायला वाढलं. त्याला आवडतं ते सगळं तिने सकाळपासून केलं होतं. तो जेवला, हात धुतले, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येईन म्हणाला. ये, वहिनी म्हणाली. जाताना तो तिच्या पाया पडायला वाकला तर तिने त्याला उठवून जवळ घेतलं, घट्ट, बराच वेळ. त्याची मान अवघडली तरी सोडलं नाही. मग तो जिना उतरून गेला, आणि वहिनी अर्धवट राहिलेली बाही शिवायला बसली.